ओलेइकचा आळ

रुखमाचा हातमाग उचलून न्यायला दोन हमाल दारात उभे होते. ते पाहूनच टिकारामचं टाळकं फिरलं.

हवालदारकी सुटल्यापासून तो शोभाताईंबरोबर फिरायचा. शोभाताई भंडाऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. प्राचार्यांशी भांडून बाहेर पडल्या आणि आता लोकांच्या लबाड्या खणून काढायच्या. आणीबाणी उठल्यानंतरचा तो हिवाळा होता.

"मालक येईपर्यंत मागाले हात लावाल त याद राखा," टिकाराम हमालांवर खेकसला.

माग आणि त्यावरचं कोसा रेशीम दोन्ही व्यापारी नंदलालचे. पण नवरा गेल्यावर रुखमानं दोन पोरी याच मागावर वाढवल्या होत्या. आता लग्नाच्या साडीवर तळहाताएवढा डाग पडला होता आणि नंदलालनं भर आळीत ओरडून हुकूम सोडला होता, बाईचं डोक्याचं तेल सांडलं, माग उचला. माग गेला म्हणजे चूलच विझली.

"रविवारी बाजाराले गेली तवा कापड चांगलं होतं, ताई," रुखमा म्हणाली. "सोमवारी सकाळी झाकण काढलं त हे."

टिकारामनं डागावर नख चालवलं. पिवळी, चिवट साय. नखाला तेल लागलंच नाही.

"सोमवारीही असाच होता?" शोभाताईंनी विचारलं.

"असाच. गरम पाण्याचं फडकं लावलं, तरी हालला नाई."

"तुझं तेल दाखव."

रुखमानं बाटली आणली. मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल आत पांढरं गोठून बसलं होतं. तिनं ती चुलीजवळ ठेवली. "थंडीत असंच होते. ऊब दिली का पातळ."

"बाजाराला गेलीस तर किल्ली?"

"पुष्पाबाईजवळ. आमच्या आळीत शेजारणीजवळच ठेवतेत."

शेजारची पुष्पाबाई जवसाच्या तेलात भजी तळत होती. तीही विणकरीण, आणि ही लग्नाची साडी आपल्याला मिळाली नाही म्हणून महिनाभर धुसफुसत होती.

"किल्ली माझ्याजवळ, म्हणून डाग मीच पाडला काय?" ती कडाडली. "त्या रविवारी शेठच्या भाच्यानं, खुशालबाबूनं, मागून नेली होती. कापड मोजाचं होतं म्हणे."

शोभाताईंनी फळीवर सांडलेल्या तेलाला बोट लावलं. बोट ओलं झालं. "हे कधीचं?"

"परवाचं. पुसाले फुरसद कोठं भेटते?"

टिकारामला वाटलं, बाई आता स्वयंपाकघर तपासत बसणार. तो मनातल्या मनात चरफडला.

नंदलालच्या दुकानात त्याचा भाचा खुशाल भेटला. बी. एस्सी. झालेला, इस्त्रीचा शर्ट.

"दाराला टेकू नका. कालच बेलतेलाचा हात मारलाय. सुताराच्या भरवशावर राहिलो तर काम होत नाही, मी स्वतःच करतो."

टिकाराम तोवर टेकला होता. बाही कोरडीच निघाली.

"आणि डागाचं म्हणाल, तर नागपूरच्या प्रयोगशाळेत माझा मित्र आहे. डागाचा धागा आणि बाईचं तेल दोन्ही तपासून घेतलं. दोन्हींत ओलेइक ॲसिड! आणखी काय पुरावा पाहिजे?"

गादीवर बसलेल्या नंदलालनं मान डोलावली. नाव वजनदार होतं ना!

"मी मामांना केव्हाचा सांगतोय," खुशाल पुढे बोलला, "माग घरोघर ठेवायचेच नाहीत. सगळे आपल्या शेडमध्ये आणा. पण या बाईनं नाही म्हटलं आणि अख्खी आळी तिच्यामागे अडून बसली."

शोभाताईंचा चेहरा लाल झाला. "संध्याकाळी दोघंही रुखमाच्या घरी या," एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मागाभोवती सगळे जमले. शोभाताईंनी आवाज चढवूनच सुरुवात केली.

"ओलेइक म्हणजे काय हो, नंदलालजी? तेलातलं. नावाचा अर्थच तेवढा. मोहाच्या तेलात ते आहे, शेंगदाण्याच्या आहे, तुमच्या डोक्यावरच्या तेलातही आहे. खुनाच्या जागी रक्त सापडलं, आणि याच्याही अंगात रक्त आहे, म्हणून फाशी द्या, असं झालं हे. खुशालला हे ठाऊक आहे. परीक्षेत लिहून पास झालाय तो."

"पण डाग तर पडलाच ना?" नंदलाल म्हणाला.

"पडला. टिकारामजी, नख लावलं तेव्हा काय लागलं?"

"साय. वाळून कडक झालेली."

"मोहाचं तेल थंडीत गोठतं, ऊब लागली की पातळ होतं. वाळून साय धरत नाही. गरम फडक्यानं ते हाललं असतं. अशी साय धरतं जवसाचं तेल. त्यात ओलेइक असतंच, पण लिनोलेनिक ॲसिड भरपूर असतं. लिनम हे जवसाचं शास्त्रीय नाव, त्यावरून हे नाव पडलं. तेच हवा लागून वाळतं. प्रयोगशाळेत तेही निघालं असणार. ते नाव तू गिळलंस, खुशाल."

"जवसाचं तेल पुष्पाबाईकडंही आहे," खुशाल पटकन बोलला.

"आहे. कच्चं. तिच्या फळीवर परवा सांडलेलं आज ओलं आहे. हा डाग रविवारी पडला आणि सोमवारी सकाळी वाळलेला होता. रातोरात वाळतं ते बेलतेल, म्हणजे उकळून तयार केलेलं जवसाचंच तेल. काल हात मारलेलं तुझं दार आज कोरडं आहे. बेलतेल तुझ्याकडे, रविवारी किल्ली तुझ्याकडे. आणि रुखमा बदनाम झाली की आळी मुकाट्यानं तुझ्या शेडमध्ये येणार."

खुशाल दाराकडे सरकला. टिकाराम दार अडवून उभा राहिला. त्याचे हात शिवशिवत होते.

"बोल ना बे," तो म्हणाला. "दोन पोरींच्या तोंडचा घास काढाले निंघाला होता तू."

"मामा, धंद्यासाठीच केलं," खुशाल पुटपुटला.

नंदलालनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हमालांना त्यानं हातानंच जा म्हणून खुणावलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "रुखमाबाई, माग इथंच राहील. झालं गेलं विसरून जा."

रुखमा मागासमोरून उठली.

"विसरू कशी? आळीत उभं राहून बोंबलले तवा हळू बोलले होते काय? माझ्या पोरी ऐकत होत्या. आता बी तसंच बाहेर चाला, शेठ."

नंदलाल घुटमळला. वाट देताना टिकारामनं मुद्दाम घाई केली नाही. बाहेर आळी गोळा झालीच होती. नंदलालनं घसा खाकरला आणि कसंबसं म्हटलं, "रुखमाबाईची काही चूक नाही."

"मागच्या लोकांले आयकू नाई आलं," रुखमा म्हणाली. "अजून एकदा सांगा."