सातच्या कार्यक्रमाची तबकडी

रेडिओवरचा आमचा गाण्यांचा कार्यक्रम दर गुरुवारी दोनदा व्हायचा. चारला न्यूयॉर्ककडच्या लोकांसाठी, कारण तिकडे तेव्हा सात वाजलेले असत. आणि आमच्या घड्याळात सात वाजले की इथल्या, कॅलिफोर्नियातल्या लोकांसाठी. तीच गाणी, तेच विनोद, तेच खोटं हसू. रेडिओ कंपनीला तबकडी वाजवलेली खपत नसे, जिवंत माणूसच गायला हवा. तरी चारच्या कार्यक्रमाची एक तबकडी मी भरून ठेवायचो, साबणवाल्या जाहिरातदाराला द्यायला.

मधल्या वेळात आमचा लाडका गायक डेल फॅराडे टेकडीपलीकडे जेवायला जायचा. त्या गुरुवारी त्यानं माझ्या बहिणीला, लोरीनला, सोबत नेलं. ती त्याच्याबरोबर गायची.

"हळू चालव म्हणावं त्याला," मी तिला बजावलं. " गाताना डोळे मिटतो, तसे गाडीत मिटू नकोस म्हणावं."

"तू आपल्या तबकड्या पूस, ऑरिन," ती हसली. "मी काय कुकुलं बाळ आहे?"

सातला पाच मिनिटं उरली तरी दोघांचा पत्ता नव्हता. आमच्या निर्मात्याच्या, हॅडलीसाहेबांच्या, तोंडचं पाणी पळालं.

"तबकडी लाव."

"बंदी आहे, साहेब."

"नोकरी माझी जाईल, तुझी नाही. लाव!"

मी सुई टेकवली. पहिलं गाणं नीट झालं. मग साबणाची जाहिरात यायला हवी होती. तिथे पाण्याचा खळखळाट ऐकू आला. मला वाटलं, सुई खरवडतेय. तेवढ्यात डेल बोलू लागला, नेहमीच्याच मधाळ आवाजात.

"मंडळी, पुढचं गाणं लोरीनसोबत... ती इथेच आहे, दगडी पुलाखाली... जरा अंधार आहे, पण तिला शब्द पाठ आहेत..."

चारला त्यानं यातलं अवाक्षरही उच्चारलं नव्हतं. तबकडी मी माझ्या हातानं भरली होती. हॅडलीसाहेब काहीतरी विचारत होते, पण मी गाडीची किल्ली घेऊन पळत सुटलो होतो.

टेकडीच्या वाटेवर दगडी पूल एकच होता. त्याखालच्या ओढ्यात गाडी कलंडलेली होती. डेल स्टिअरिंगमागे बसला होता, तोंड घट्ट मिटलेलं. मी हात लावला, तर तो गार पडून ताठरला होता. शेजारी लोरीन, पत्र्यात अडकलेली. जिवंत!

"लोरीन, मी आलोय गं."

"श्श... ऐक ना. किती सुंदर गातोय."

"कोणी गात नाहीये..."

"कडवं संपत आलंय... तो म्हणतो, पुढचं मी गायचं. त्याच्याबरोबर."

तिनं खोल श्वास घेतला. मला काय सुचलं देव जाणे, मी झडप घालून तिचं तोंड दाबलं. माझ्या तळहाताखाली तिचे ओठ तालात हलत राहिले. मी रडत होतो, तिची माफी मागत होतो.

ती वाचली. पण स्टिअरिंगवर ताल धरणारी डेलची बोटं थांबेपर्यंत मी हात काढला नाही.