किलव्हार्नाचा आठवा लॉर्ड

मी ड्रेसिंग बदलायला गेले होते, एवढंच. २००६चा मे महिना, परदेशातल्या टौरंगा गावात किवीफळांची तोडणी संपत आलेली. मी तेव्हा घरोघरी जाणारी नर्स होते आणि मंगळवारी दुपारी जेरल्डच्या पायाची जखम माझ्याकडे असायची.

जेरल्ड ब्याऐंशी वर्षांचा. त्याची बाग मुलगी सांभाळायची, ऑर्ला. एकतीस वर्षं तिनेच वेली छाटल्या, तिनेच फळं उतरवली, आणि गेली चार वर्षं बापाला उचलून बाथरूमला नेत होती तीसुद्धा तीच. वारा अडवायला बागेभोवती उंच झाडांची दाट भिंत लावलेली होती. तिच्यामुळे त्या घरात दुपारी दोनलाही दिवा लागायचा. ओल्या मातीचा आणि सडक्या फळांचा वास भिंतींनाच येतो की काय, असं वाटायचं.

दोन आठवड्यांपूर्वी आयर्लंडहून पत्र आलं होतं. जेरल्डचा थोरला भाऊ निपुत्रिक गेला, म्हणून आता किलव्हार्नाचा आठवा लॉर्ड जेरल्ड. ती पदवी फक्त पुरुषांच्या वाटेने जाते. म्हणजे जेरल्डनंतर ती चुलतभावाच्या नातवाला, डेरेकला. हा डेरेक टाकानिनी नावाच्या गावात गाड्या विकायचा. म्हाताऱ्याला उभ्या आयुष्यात तीनदा भेटला असेल.

त्या दिवशी डेरेक पलंगाशी बसला होता. टेबलावर नवीन मृत्युपत्र. बागही डेरेकच्या नावे.

"लॉर्डच्या पायाखाली जमीन हवी," जेरल्ड मला म्हणाला. "ऑर्लाला खोली राहील की. डेरेक चांगला मुलगा आहे."

ऑर्ला दारात उभी होती. हातांवर वेलींचे ओरखडे. साक्षीदार दोन लागतात. एक शेजारचा बागवाला येऊन बसला होता, दुसरी सही माझी हवी होती. डेरेकने माझ्यापुढे पेन धरलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आधी पाय बघते म्हणाले आणि पट्टी सोडायला घेतली.

तेवढ्यात बाहेर, झाडांच्या भिंतीपलीकडून, बाईचा आवाज आला. लांब, घोगरा, एका सुरातला. वाटलं तोडणीवाल्यांपैकी कोणी असेल, पण तोडणीवाले शनिवारीच गेले होते.

जेरल्डने पाय माझ्या हातातून ओढून घेतला.

"ती आली," तो पुटपुटला. "आमच्या घराण्यात लॉर्ड जायच्या आधी ती येते… पहिल्या लॉर्डची थोरली मुलगी. रडते आमच्यासाठी… माझ्या आजोबांनी ऐकली होती."

मी विचारलं, ती का येते. तो हळूहळू सांगत गेला. भाऊ लढाईवर असताना तिने किलव्हार्नाचा वाडा सात वर्षं राखला होता. भाऊ परत आला, लॉर्ड झाला, आणि थंडीत तिला फाटकाबाहेर काढून आतून अडसर घातला. हे सांगताना त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता.

ऑर्ला खिडकीपाशी गेली. "हे रडणं नाही, डॅड," ती हलकेच म्हणाली. "नीट ऐका. ती शिव्या देतेय."

मीही कान दिला. आवाज झाडांच्या भिंतीच्या अलीकडे आला होता. आणि शब्द लागले… मराठी शब्द.

"हात लावू नकोस. बाप माझा आहे."

माझ्या वडिलांचं आजारपण मी एकटीने काढलं. त्यांना अग्नी द्यायला मात्र सांगलीहून चुलतभाऊ आणला, गुरुदत्त. पाच वर्षं फिरकला नव्हता. काकांनी मला हाताला धरून मागे उभं केलं. तेव्हा हेच वाक्य माझ्या घशाशी आलं होतं आणि मी ते गिळलं होतं. कोणालाही, कधीही सांगितलं नव्हतं.

मी पेन डेरेकच्या हातात परत दिलं. म्हणाले, मी सही करणार नाही. तो चिडला, माझ्या ऑफिसात तक्रार करतो म्हणाला. जेरल्डने माझं मनगट घट्ट धरलं. "सही कर, पोरी… तिला आत येऊ देऊ नकोस…"

दया यायला हवी होती. आली नाही. डेरेक दुसरा साक्षीदार शोधायला रस्त्याकडे धावला. तो परत यायच्या आत, चारच्या सुमाराला, म्हाताऱ्याची बोटं माझ्या मनगटावरच सैल पडली. बाहेर एकदम शांत झालं.

पदवी डेरेकला मिळाली. बाग जुन्या मृत्युपत्राप्रमाणे ऑर्लाची राहिली. ती दिवसभर वेलींतच असते, मजेत आहे.

डेरेकने तक्रार केलीच. ऑफिसने ती मला वाचायला दिली. त्यात सहीबद्दल एक अक्षर नव्हतं. लिहिलं होतं की तो रस्त्याकडे धावत असताना ही नर्स अनवाणी झाडांपाशी उभी होती आणि कुठल्याशा परक्या भाषेत घराकडे तोंड करून ओरडत होती.

ऑर्लाने आणि शेजाऱ्याने लेखी दिलं की मी पलंगापासून हललेच नव्हते. तक्रार निकालात निघाली.

पण म्हातारा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी मी उठले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. डॉक्टरांनी घशात आरसा घालून बराच वेळ पाहिलं. आतून रक्त साकळलं होतं. तासन्‌तास जिवाच्या आकांताने ओरडल्याशिवाय असं होत नाही, ते म्हणाले, आणि विचारलं, "कोणावर एवढ्या ओरडत होतात?"