मागच्या भिंतीतलं दार

खोटं वाटत असेल तर सरळ धारवाडला, केलगेरीला या. तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर घर अजून उभं आहे, मी दाखवतो. पण बाहेरून हं. आत चला म्हणून मला आग्रह करायचा नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेलं आहे. वेदश्री तिचं नाव. तिचे यजमान प्रभंजनकाका धारवाडात सरकारी कचेरीत होते. आणि भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगून ठेवतो...

हे सगळं भर दुपारी झालं. १९९९ च्या उन्हाळ्यात.

लग्न झाल्यापासून मावशीचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत. मालकिणीची बोलणी खायची, पाणी कधी सोडतील त्याची वाट बघायची. एका मालकानं तर ऐन श्रावणात सामान रस्त्यावर काढायला लावलं. त्या दिवशी मावशी तांदळाच्या डब्यावर बसून रडली, आणि डोळे पुसून काकांना म्हणाली, "माझं घर झालं ना, तर मी कुणाला कधी बाहेर काढणार नाही. बघाच तुम्ही."

हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

घर मिळालं ते अगदी अचानक. गोदूबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. बाई वर्षभरापूर्वी गेल्या होत्या आणि मुलगा राघवेंद्र बेंगळूरला. त्याला विकायची घाई, यांना घ्यायची घाई. काकांनी कर्ज काढलं. हिशोब साधा होता. घराचे उभे दोन भाग करायचे, एका भागात आपण राहायचं, दुसरा भाड्यानं द्यायचा, आणि त्या भाड्यावर कर्जाचा हप्ता. भाडेकरू टिकला तर घर टिकलं. नाही तर पुन्हा डबे घेऊन रस्त्यावर!

किल्ली देताना राघवेंद्र एवढंच म्हणाला, "काका, मागच्या भिंतीला शक्यतो हात लावू नका. जुनी आहे."

काकांना वाटलं, भिंत कच्ची असेल.

नागोजी गवंडी आला. घर फिरून बघितलं. उजवीकडं सोपा आणि स्वयंपाकघर, परसात उघडणारं दार तिथंच. ती बाजू मावशीनं स्वतःला ठेवली. डावीकडच्या दोन खोल्या गोदूबाईंच्या. तिथून स्वयंपाकघरात जायला एकच दार होतं, ते बुजवायचं ठरलं. पण मग भाडेकरू यायचे कुठून? स्वतंत्र दार नसेल तर धारवाडात कोण खोली घेतंय हो!

नागोजीनं मागची भिंत ठोकून बघितली. "कच्ची कुठली अक्का, हत्ती बांधा हिला. आणि हे बघा, इथं आधी दार होतंच की. कुणीतरी बुजवलंय."

खरंच. गोदूबाईंच्या खोलीत, मागच्या भिंतीत, माणूसभर उंचीचा एक तुकडा वेगळा दिसत होता. दगड वेगळा, गिलावा नवा.

"मग हेच उघडू या," मावशी म्हणाली. "आयतं मिळालं."

झालं. दोन दिवसांत दार बसलं. मावशी इतकी खूश, की तिनं चौकटीला स्वतः तोरण बांधलं.

फरशी काढताना मात्र ती जरा थांबली होती. जुनी शहाबादी फरशी सगळी खडबडीत झालेली, पण एक पट्टा तेवढा घासून गुळगुळीत... गोदूबाईंच्या खोलीतून निघून, बुजवायच्या दारातून, थेट स्वयंपाकघरातल्या ओट्यापर्यंत.

"म्हातारीनं काय पोतं ओढलं होय रोज?" काका हसले.

सगळीकडं नवं मोझॅक घातलं. पट्टा गेला.

पहिले भाडेकरू किरण आणि स्नेहा. किरण कॉलेजात शिकवायचा. स्नेहाला सहावा महिना होता. पोरगी गोड, बोलकी, दोन दिवसांत मावशीला "काकू, काकू" करायला लागली. घरात येताना आपल्याकडच्या रीतीप्रमाणं तिनं दूध उतू घातलं. सगळं कसं छान झालं.

पंधरवडा गेला असेल. स्नेहा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "काकू, रोज दुपारी तुम्ही काय सरकवता हो?"

"मी? मी कशाला सरकवू? मला वाटलं तू पाट सरकवतेस."

"माझ्याकडं पाट नाहीच."

दोघी हसल्या.

पण दुसऱ्या दिवशी मावशीनं कान दिला. दुपारचा चहा टाकायची वेळ. काका कचेरीत, गल्ली सामसूम. आणि भिंतीपलीकडून...

खर्र...

मग थोडं थांबणं.

खर्र...

लाकूड फरशीवरून ओढल्यासारखं. जड. दमलेलं. मागच्या दारापासून निघालं, खोलीतून हळूहळू पुढं आलं, आणि बुजवलेल्या दारापाशी, म्हणजे मावशीच्या स्वयंपाकघराच्या अगदी पलीकडं येऊन थांबलं.

"स्नेहा?" मावशीनं हाक मारली.

उत्तर आलं ते परसातून. "काय काकू? मी इकडं आहे, मिरच्या वाळवत्येय!"

मावशीच्या हातातली साखर ओट्यावर सांडली.

आता यावर तुम्ही म्हणाल, उंदीर असतील. काकाही तेच म्हणाले. औषध ठेवलं, पिंजरा लावला. उंदीर एकही नाही. आवाज मात्र रोज. दुपारचा चहा उकळायला लागला, की... खर्र.

मग एक दिवस स्नेहानं मावशीचा हात धरून तिला आपल्या खोलीत नेलं.

"काकू, मी रोज पुसते हो. शपथ घेऊन सांगते."

नव्या कोऱ्या मोझॅकवर एक पट्टा उमटला होता. मागच्या दारापासून बुजवलेल्या दारापर्यंत. तिथली फरशी जुन्या घरातल्यासारखी गुळगुळीत झाली होती.

मावशीनं धीर करून सांगितलं, "पॉलिश कमी-जास्त झालं असेल गं." पोरीला सांभाळायचं होतं, घरही सांभाळायचं होतं. तिनं खोटं सांगितलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

त्याच आठवड्यात शेजारच्या अंबूताई परत आल्या. लेकीच्या बाळंतपणाला सोलापूरला गेल्या होत्या, त्यामुळं घराचं काम त्यांनी बघितलंच नव्हतं. मोठ्या कौतुकानं घर बघायला आल्या. सोपा बघितला, ओटा बघितला, "वेदश्री, नशीब काढलंस की" म्हणाल्या. मग भाडेकरूंची बाजू बघायला म्हणून परसातून वळल्या...

आणि दार बघून तिथंच खाली बसल्या.

"हे कुणी उघडलं?"

"आम्हीच. आधी दार होतं तिथं."

"दार कुठलं गं बाई! दार कधीच नव्हतं तिथं!"

मग त्यांनी सांगितलं. गोदूबाईंचे गुडघे गेले होते. शेवटची काही वर्षं त्या पाटावर बसायच्या आणि हातानं रेटत रेटत घरभर फिरायच्या. दुपारी चहाची वेळ झाली की तशाच सरकत स्वयंपाकघरात. त्या गेल्या तेव्हा पंचक लागलं होतं, म्हणजे मरणाला वाईट नक्षत्रं. भटजी बाळाचार्यांनी पंचांग बघून सांगितलं, हिला घराच्या कुठल्याच दारानं न्यायचं नाही. म्हणून मागची भिंत फोडली. तिथून बाहेर काढलं आणि स्मशानातून माणसं परतायच्या आत भिंत बुजवून टाकली. ज्या वाटेनं नेलं ती वाटच राहिली नाही, की परत येणाऱ्याला घर सापडत नाही.

"आणि तुम्ही," अंबूताई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "तीच वाट उघडून वर तोरण बांधलंत!"

स्नेहा दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

संध्याकाळी किरणनं सामान बांधायला घेतलं. मावशीनं अडवलं नाही. कसं अडवणार? पोटुशी पोरगी. जाताना स्नेहा मावशीच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "काकू, ती काही करत नाही हो. नुसती भिंतीपाशी येऊन बसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोजीला बोलावलं. त्यानं दार काढलं. अंबूताईंनी नारळ ओवाळून फोडला. पूर्वीसारखेच दगड रचले, गिलावा केला. उन्हं चढायच्या आत भिंत सलग झाली. काकांनी सुटकेचा श्वास टाकला. "संपलं एकदाचं. पुढं काय करायचं ते बघू. दुसरीकडून वाट काढू, पुन्हा भाडेकरू ठेवू."

दुपारी सगळ्यांसाठी मावशीनं चहा टाकला. काका, अंबूताई सोप्यात बसलेले. आधण आलं. मावशीनं पूड घातली.

खर्र...

मावशी जागच्या जागी थिजली.

खर्र...

पलीकडच्या खोलीतून. त्या खोलीला आता एकही दार नव्हतं.

आवाज नेहमीसारखा हळूहळू आला, भिंतीपाशी थांबला. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच...

टक्. टक्.

भिंतीवर. खाली, जमिनीला लागून. बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्याच उंचीवर.

सोप्यातनं अंबूताई आल्या होत्या. त्या पुटपुटल्या, "वेदश्री... भिंत बुजवली तेव्हा ती आत होती की बाहेर?"

हे कुणी विचारलंच नव्हतं. तिला येताना सगळ्यांनी ऐकलं होतं. जाताना एकदाही, कुणीही ऐकलं नव्हतं.

काका म्हणाले, भिंत पुन्हा फोडू. अंबूताई म्हणाल्या, खबरदार, आणखी काय आत येईल सांगता येत नाही. राघवेंद्रला फोन केला. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं, भिंतीला हात लावू नका," आणि फोन ठेवला. घर विकायला काढलं. लोक येत, बघत, शेजारी चौकशी करत आणि परत येत नसत. शेवटी हप्त्यासाठी काकांनी स्कूटर विकली, मावशीनं शिकवण्या धरल्या. कसंबसं निभावलं. भाड्यानं द्यायच्या खोल्या तशाच राहिल्या, चारी बाजूंनी बंद.

मी तिथं शेवटचा गेलो २००६ च्या दिवाळीत. काका बाजारात गेले होते. मावशीनं स्वयंपाकघरात खुर्ची दिली, चहा टाकला. इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या. तिनं कप काढले. आम्ही दोघं, आणि कप तीन.

मी म्हटलं, "काका आले का?"

तिनं तिन्ही कपांत चहा गाळला.

टक्. टक्.

माझ्या पायांजवळ, भिंतीत.

"आले हं, आज्जी," मावशी म्हणाली. सासूला म्हणावं तितक्या सहज. तिसरा कप तिनं वाकून भिंतीच्या कडेला, जमिनीवर ठेवला.

मी म्हटलं, "मावशी, अगं हे काय... तुला भीती नाही वाटत?"

"वाटायची," ती म्हणाली. "पण मी बोलले होते ना, कुणाला बाहेर काढणार नाही म्हणून. तिचंच घर आहे हे. आणि आता तर..."

तिनं नुसतं खाली बघितलं.

मीही बघितलं.

मावशीच्या बाजूच्या मोझॅकवर, भिंतीच्या पायथ्याशी सुरू होऊन, माझ्या खुर्चीखालून, ओट्यापर्यंत... एक गुळगुळीत पट्टा होता.

भिंत धडधाकट होती. साधी चीरसुद्धा नव्हती.

"बस की रे," मावशी म्हणाली, "चहा निवतोय."

मी पाय वर घेऊन बसलो. चहा कसा झाला होता ते मला आजही आठवत नाही.