ऐकणाऱ्याचा पाट

नवस बोलताना जरा शब्द सांभाळून वापरायचे असतात, असं वच्छलाबाईंचे यजमान शिवराज अजून म्हणतात. तीन वर्षांपूर्वी त्यांची लेक संस्कृती न्यूमोनियानं अंथरुणाला खिळली होती. दोन पावलं टाकली की धाप लागायची. तेव्हा पैठणला नाथांपुढं पदर पसरून बाई म्हणाल्या, "महाराज, पोरीच्या छातीत श्वास भरू द्या. बरी झाल्यावर ती जे पुस्तक मनापासून हाती घेईल, त्याचं सात दिवसांचं पारायण माझ्या घरात होईल."

मनात पोथी होती, हे काय सांगायला हवं?

पोरगी बरी झाली. डॉक्टरांनी छातीच्या व्यायामाला फुगे फुगवायला सांगितले, तर फुग्यांवरून ती सॅक्सोफोनवर गेली. आणि यंदा मे महिन्यात औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांतून तिनं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक छातीशी धरून आणलं. आधी जॅझचा इतिहास, मग त्याच्या निरनिराळ्या तऱ्हा, शेवटी वाजवायचे धडे. आठवड्यानं पुण्याच्या एका संगीत शाळेची प्रवेशपरीक्षा होती, मोबाईलवर, घरूनच. त्यात नाव निघालं नाही तर सॅक्सोफोन माळ्यावर आणि पोरगी बापाच्या ओळखीनं शेंद्र्याच्या कंपनीत, असं घरात ठरलेलं.

"हीच पोथी," वच्छलाबाई म्हणाल्या.

"आरतीची चाल पण त्यातलीच लाव मग," शिवराज हसले.

हसू देत. बाईंचा नेम म्हणजे नेम. पुस्तक चौरंगावर, लाल कापडात. पान एकही गाळायचं नाही. आणि समोर एक रिकामा पाट. पारायण ऐकायला कोण येऊन बसेल सांगता येत नाही, म्हणून तो मांडतात.

दुपारी तीनला सिडकोतली त्यांची गल्ली उन्हानं मुकी होऊन जायची. पहिले तीन दिवस संस्कृतीनं इतिहास आणि तऱ्हा मराठीतून सांगितल्या. अमेरिकेतल्या गुलामीतून सुटलेल्यांची लेकरं. मैतीला जाताना संथ वाजवायची, परतताना नाचत यायची. एकानं सूर टाकायचा, दुसऱ्यानं झेलायचा. "भजनच की गं हे!" बाई खूष झाल्या.

चौथ्या दिवशी धडे लागले. पानावर मात्रांची चार घरं सुरांनी भरलेली, पुढची चार कोरी. कोऱ्या घरांत आपल्या मनचं वाजवायचं. पुस्तकाच्या आधीच्या मालकानं पानोपानी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. त्या या पानाशी थांबल्या होत्या.

"आई, इथं काही लिहिलेलंच नाय गं. वाजवू काय?"

तिनं भरलेली घरं वाजवली आणि कोऱ्यांशी थांबली. लाइट गेलेली, कूलर बंद. त्या शांततेत...

टक.

...टक.

लाकडावर टाच आपटावी तसा आवाज. पाटावरून. संस्कृतीचा पाय नेहमी पहिल्या नि तिसऱ्या मात्रेवर पडायचा. हा ठोका दुसऱ्या नि चौथ्यावर होता. पुस्तकात तसाच सांगितला होता आणि पोरीला तोच साधत नव्हता. पितळ घासल्यावर हाताला येतो तसा आंबट वास खोलीत दाटला.

"आई... पाट उचल."

बाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. "पारायणाला बसलेल्याला उठवत नसतात."

"पण कोण बसलंय?"

"...ते विचारत पण नसतात."

पाचव्या दिवशी तसंच. सहाव्या दिवशी ठोका मोठा झाला, घाई झाल्यासारखा. संस्कृती रडकुंडीला आली. "मला लई भ्या वाटतंय. मी परीक्षाच देत नाय."

वच्छलाबाई उठल्या आणि पाटाला लागून खाली बसल्या. त्या बाजूचा दंड गार पडत गेला, पण त्या हलल्या नाहीत. "मी बसते इथं. त्यानं टाकलं, तू झेल."

सातव्या दिवशी रविवार. परीक्षेसाठी मोबाईल डब्याला टेकवून ठेवलेला, बाई पाटाशी, शिवराज दारात. संस्कृतीनं लिहिलेलं नीट वाजवलं. मग मोबाईलमधून आवाज आला, "आता तुमच्या मनचं."

संस्कृतीनं छातीत श्वास भरून घेतला.

टक... टक...

संस्कृतीनं डोळे मिटले आणि एकच सूर धरला. लांब... आणखी लांब... दोन पावलांत धाप लागणारी ती पोर तो सोडीचना! मग सूर वळला, हसला, भांडला, जिना चढावा तसा चढत गेला. पाटावरचा ठोका दुडक्या चालीनं तिच्या मागं धावू लागला. बाईंचा हातही मांडीवर कधी पडायला लागला, त्यांना कळलं नाही. भीती कुठल्या कुठं गेली. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरत होतं.

ती थांबली तेव्हा मोबाईलमधले तिघे परीक्षक टाळ्या वाजवत होते. "या तुम्ही पुण्याला," एक जण म्हणाला.

शिवराजनी डोळे पुसले. "शेंद्र्याला कळवतो, आमची पोरगी यायची नाय म्हणून!"

संध्याकाळी नैवेद्य दाखवून बाईंनी हात जोडले, "पारायण झालं. आता सुखानं यावं." शिवराज पाट उचलायला वाकले. एका हातानं उचलावा असा साधा पाट. हलेना. दोघांनी जोर लावला, तरी हलेना.

आज संस्कृती पुण्यात वाजवते आणि लोक उभे राहून ऐकतात. वच्छलाबाई रोज पाटाभोवतीनं झाडून घेतात.

तुमच्याही घरात कुणाचं तरी अर्ध्यात राहिलेलं पुस्तक असेलच. एवढं करा, ते शेवटच्या पानापर्यंत न्या आणि समोर पाट मांडा. भलं होतं, खरंच होतं. फक्त, रिकामाच दिसतोय म्हणून त्यावर टेकू नका.