वीतभरावरची गाठ

ही एकोणीसशे अडुसष्ट सालची गोष्ट. बाबांची नजर अधू झाली होती, म्हणून रविवारी तळ्यावर त्यांच्या गळाला गांडूळ लावायला मी जायचे. एरवी शिवणकाम करायचे.

त्या दिवशी शेजारच्या दगडावरून कुणाचा तरी गळ आमच्या दोरीत अडकला.

"माफ करा हं... वारा होता."

"पानसुद्धा हलत नाहीये."

तो घड्याळं दुरुस्त करायचा. गुंता त्यानेच सोडवला; गरजेपेक्षा बराच सावकाश. मग दर रविवारी तो त्याच दगडावर. बाबा टोपी नाकावर ओढून डुलक्या काढायचे आणि आम्ही कुजबुजायचो.

"तुमच्या दोरीवरचं बूच कधी बुडतच नाही."

"इथले मासे हुशार आहेत."

"की गळवाला अडाणी?"

"असेलही. शिकवणारं कुणी भेटलं नाही ना—"

गाडी याच्या पुढे जायची नाही. अशात आत्याने एका इंजिनियरचं स्थळ आणलं. नाव ठेवायला जागा नव्हती. नकाराचं एकच कारण होतं, आणि ते शेजारच्या दगडावर गप्प बसलं होतं.

"उद्या होकार कळवायचाय," मी सांगितलं.

"हो का... छान," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

मी रागाने त्याची काठी ओढून घेतली. आमची बुचं दोरीवर सरकणारी. वर दोऱ्याची गाठ असते, तिच्याशी बूच अडतं. गाठ जितकी वर, तितका गळ खोल. पाणी दोन पुरुष खोल, मासे तळाशी... आणि याची गाठ गळापासून वीतभरावर!

"असा मासा लागेल कधी?"

"लागला तर उठावं लागेल ना..."

तिथला रिवाजच होता. एक मासा मिळाला की काठ सोडायचा.

मी गाठ पार वर सरकवली, गळ तळाला सोडला आणि काठी त्याच्यापुढे टेकवली. "आता लागेल. मग उठा, नाहीतर बोला."

बूच थरथरलं. गडप झालं.

"त्यांना... नाही म्हणून कळवा," तो म्हणाला. काठीकडे लक्षच नव्हतं.

टोपीखालून बाबांचा आवाज आला, "घड्याळवाल्या, इतके महिने कसला मुहूर्त बघत होतास? काठी धर आधी!"

मासा निसटलाच.

आत्याने अबोला धरला, तो आमची मुलगी जन्मल्यावर सुटला. इंजिनियर परदेशी गेला, सुखात राहिला. बाबा शेवटपर्यंत जावयाशेजारी बसून डुलक्या काढत राहिले. घड्याळवाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

रविवारी मी त्याच दगडावर बसते. गाठ वीतभरावरच ठेवते.