वरच्या मजल्याचं पाणी

शिवायला घेतलेल्या कोटावर छतातून पाणी टपकलं आणि बाबांनी मला वर पिटाळलं. दार माझ्याच वयाच्या एका मुलानं उघडलं. बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या, हात ओले...

"तुमचं पाणी आमच्या दुकानात येतंय."

"सॉरी... पण त्या निमित्तानं तू वर आलीस." तो हसला. माझे कान तापले.

लगेच त्याची आई खाली आली, मागोमाग तो. बाबा या देशात परके, तीही परकीच. पण त्यांची भाषा वेगळी, आमची वेगळी. इथली भाषा यायची ती आम्हा दोघांनाच. आठव्या वर्षापासून दवाखान्यात, बँकेत बाबांच्या वतीनं मीच बोलायची.

"विचार तिला, डोकं ठिकाणावर आहे का!" बाबा कडाडले.

"बाबा म्हणतात, पाइप एकदा बघून घ्याल का?"

त्यानं आईला सांगितलं. ती हातवारे करत दोन मिनिटं फाडफाड बोलली.

"आई म्हणते, माफ करा."

"एवढंच?"

"आणि विचारतेय..." चेहरा अगदी गंभीर. "उद्या तू चहाला येशील का?"

"काय म्हणाली?" बाबा.

"उद्या... प्लंबर आणते म्हणाली."

प्लंबर काही आला नाही. मी मात्र चहाला गेले. परवाही... तेरवाही.

तीन आठवड्यांनी छताचा पोपडा थेट मशीनवर कोसळला. बाबांनी कागद पुढे सरकवला. "मालकाच्या ऑफिसात द्यायची तक्रार. लिही."

आवाज ऐकून तो धावत आला होता. कागद पाहून पांढराफटक पडला. "आमच्यावर एक तक्रार आधीच आहे. दुसरी गेली तर घर सोडावं लागेल."

"काय म्हणतोय?"

मी पेन खाली ठेवलं.

"बाबा, मी... मी खोटं बोलत आले. तुमची एकही शिवी तिच्यापर्यंत पोचली नाही. प्लंबरचं मी माझ्या मनानं सांगितलं. आणि... मला हा आवडतो."

बाबांनी चष्मा काढला.

"मग त्या दिवशी ती बाई खरं काय म्हणाली होती?"

मी त्याला विचारलं. त्यानं मान खाली घातली. "पाइप बदला म्हणून तिनंच मालकाला सहा अर्ज दिलेत. कुणी फिरकलं नाही. मी गाळलं ते... रागात बोलली होती ना. वाटलं, भांडण वाढेल."

मी बाबांना सांगितलं, या वेळी शब्दन् शब्द.

"म्हणजे तुम्हा दोघांच्या गोडव्यात माझं छत पडलं!" बाबा म्हणाले. मग कागद उलटा केला. "सातवा अर्ज लिही. खाली तिची सही, माझी सही."

मी लिहायला वाकले, तोच तो हळूच म्हणाला, "मघाशी बाबांना एवढं काय सांगत होतीस?"

"काय विचारतोय?"

"तुम्हाला... काय सांगितलं ते."

बाबांनी चष्मा चढवला, सुईत दोरा ओवायला घेतला. "मग सांग की. काही गाळू नकोस."

मी सांगितलं. अडखळत... पण सगळं.

जिन्यावरून त्याच्या आईनं काहीतरी विचारलं. पुन्हा विचारलं. माझ्याकडे बघत तो नुसता हसत राहिला.