मी आहे, उघडा

फोनवरच्या म्हाताऱ्या आवाजानं आधी बाईंचं नाव विचारलं, मग हुद्दा, मग पोलिसांच्या संगणक-गुन्हे शाखेतून त्या निवृत्त कधी झाल्या ते. एवढी उलटतपासणी बाईंनी नोकरीत असतानाही फारशी कुणाची केली नव्हती.

"चोरी झालीय," खात्री पटल्यावर आवाज म्हणाला.

"काय गेलं?"



"बायकोचा आवाज."

बाई तासाभरात पोचल्या. दार साखळीएवढंच उघडलं. फटीतून एक डोळा आणि एक हात बाहेर आला. हातानं ओळखपत्र घेतलं, डोळ्यानं ते दोन्ही बाजूंनी वाचलं. "फोनवर मी शेवटचे दोन शब्द कोणते बोललो?" डोळ्याच्या मालकानं विचारलं. बाईंनी सांगितले. मग साखळी निघाली.

गल्लीत त्यांना सगळे फाटकवाले म्हणत. उभा जन्म त्यांनी एका कारखान्याच्या फाटकावर काढला होता. पासाशिवाय आत चिटपाखरू सोडलं नाही, असं ते सांगत, आणि सांगायला कारण लागत नसे. कारखान्याचा मालक एकदा पास घरी विसरून आला. त्याला त्यांनी दुसरा पास येईपर्यंत उन्हात उभं केलं होतं. मालकानं पुढे त्यांना बढती दिली की दुसऱ्या फाटकावर पाठवलं, हे मात्र सांगणाऱ्यानुसार बदले.

"आमच्या हिलाही नाही सोडलं," ते पाण्याचा पेला पुढे करत म्हणाले. "नवं लग्न होतं. डबा घेऊन आली. म्हटलं, पास? ती म्हणाली, अहो, मी आहे. म्हटलं, ते दिसतंय, पास कुठाय?"

"मग?"

"मग काय. फाटकाबाहेर झाडाखाली बसून तिनं एकटीनं डबा खाल्ला. माझ्याकडे बघत बघत." ते हसले. हसू गालापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. त्यांची बायको गेल्याला महिना होत आला होता.

झालं होतं ते असं. बायको हॉस्पिटलात होती. यांना त्याच सुमारास खोकला झाला, त्यामुळे वॉर्डात जाऊ देईनात. ते रोज जात आणि दारावरचा वॉचमन रोज त्यांना परत पाठवी. "चोख माणूस," ते म्हणाले. "मी त्याची पाठ थोपटली." संध्याकाळी मुलगी आपल्या फोनवरून दोघांचं बोलणं करून देई. बोलणं म्हणजे, गोळी घेतली का, हो घेतली, तुम्ही जेवलात का, हो जेवलो. मुलगी मध्ये उभी असताना आणखी काय बोलणार?

शेवटच्या दिवशी आई मुलीला म्हणाली, "यांना निरोप पाठवलाय, माझ्या आवाजात. कॉम्प्युटरवर गेलाय. ऐकला का विचार." त्या गडबडीत मुलगी विचारायचं विसरली. सगळं उरकल्यावर, पाहुणे पांगल्यावर तिला आठवलं. वडिलांनी कॉम्प्युटर उघडला. निरोप नव्हता.

"मला तो ऐकायचाय," फाटकवाले म्हणाले. "बाकी काही नको."

कॉम्प्युटर खिडकीशी होता, स्वच्छ पुसलेला. त्याच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर चिकटपट्टी होती. शेजारच्या स्टुलावर बायकांचा चष्मा उघडाच ठेवलेला होता, आत्ता कुणीतरी काढून ठेवावा तसा.

"ह्याला कोण कोण हात लावतं?"

"मी. हीही लावायची. मुलगा त्याच्या घरूनच आत येऊन साफसफाई करतो. आणि शेजारच्या वहिनी, कधी काही छापायचं असलं तर. त्यांच्याकडे किल्ली असते. पण पासवर्ड मी माझ्या हातानं घालतो, त्यांना भिंतीकडे तोंड करायला लावून."

"काळजी घेता."

"घ्यावीच लागते. त्या दिवसांत तर भामट्यांना ऊत आला होता. पण मुलानं सगळं पाठ करून घेतलंय." आणि त्यांनी पाढा म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं. अनोळखी पत्त्यावरून आलेली ई-मेल उघडायची नाही. अनोळखी फोन उचलायचा नाही. उत्तर तर द्यायचंच नाही, दिलं की घरात माणूस आहे हे कळतं. उडवायचं, आणि मग केराच्या टोपलीतूनही उडवायचं.

बाईंना हे नियम तोंडपाठ होते. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

संशयित बोलवायला लागले नाहीत, आपणहून आले. पहिल्या शेजारीणबाई. त्यांना कुणाच्या घरी काय चाललंय हे त्या घरातल्यांच्या आधी कळे, आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नसे.

"किल्ली माझ्याकडे असते म्हणजे मी चोर?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

"असं कोण म्हणालं?"

"मुलगा म्हणाला. तोंडावर. मी वहिनींच्या डोक्याला तेल लावून दिलंय हो आजारपणात. त्यांचा निरोप मी कशाला पळवू?"

"उत्सुकता?"

तो आरोप शेजारीणबाईंना नाकारता आला नाही. "ऐकला असता," त्या म्हणाल्या. "संधी मिळाली असती तर नक्की ऐकला असता. पण पुसला नसता. पुसल्यावर पुन्हा कसा ऐकणार?"

बाईंना हे उत्तर पटलं.

"किल्लीनं कधी आत येता?"

"भावोजी बाहेर गेले तरच. झाडांना पाणी घालायला. सकाळी. दुपारी ते घरीच असतात, दुपारी मला काय काम?"

मुलगा एका मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटरांची राखण करायचा. वडिलांचाच धंदा, फक्त खुर्ची गार हवेतली. बहीण आणि तो एकाच सोफ्यावर, दोन टोकांना बसले. मधे एक माणूस आरामात मावला असता. आई असती तर तिथंच बसली असती.

"आईचा फोन कुणी काढून घेतला ते विचारा त्याला," बहीण बाईंना म्हणाली.

"का घेतलात?"

"बक्षिसाच्या आमिषाला भुलली होती ती," मुलगा म्हणाला. "सगळी माहिती देऊन बसली. आणखी थोडं असतं तर घर धुऊन नेलं असतं. म्हणून घेतला."

"आई रडली होती, दादा."

"माहीत्येय मला."

"आणि मग तिनं बाबांना निरोप पाठवला. त्यात तुझ्याबद्दल काय काय असेल, ही भीती तुलाच होती. तूच घरबसल्या आत शिरू शकतोस. दुसरं कोण पुसणार?"

वडील खिडकीकडे बघत राहिले. या घरातला एक माणूस गेला होताच. आता उरलेलेही एकमेकांना दुरावणार होते, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी कॉम्प्युटर उघडायला लावला. फाटकवाल्यांनी त्यांनाही भिंतीकडे तोंड करायला सांगितलं, आणि त्यांनी केलं. मग त्या ई-मेलच्या टपालपेटीतल्या आतल्या खुणा तपासत राहिल्या. कुठल्या यंत्रावरून कोण आत आलं, काय उडवलं गेलं, काय अडवलं गेलं. उडवलेलं परत मिळणार नव्हतं. सेवा देणाऱ्या कंपनीनं ठरल्या मुदतीनंतर तेही कायमचं पुसलं होतं. ग्राहकाच्या खासगीपणासाठी, असं तिथं नम्रपणे लिहिलेलं होतं.

एका जागी त्या थांबल्या. वळून मुलीला एवढंच विचारलं, "आईचा फोन दादांकडे होता. मग आईनं निरोप पाठवला तो कशावरून?"

इतके दिवस या घरात निरोप पळवणाऱ्याचा शोध चालला होता, पाठवणारीच्या हातात फोन नव्हता हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

हॉस्पिटलातली दिवसपाळीची नर्स हात धुता धुता बोलली.

"माझ्याच फोनवरून. त्यांना नवऱ्याचा ई-मेलचा पत्ता तोंडपाठ होता. आधी फोनच लावून दिला होता, पण तिकडून कुणी उचलेना. मग म्हणाल्या, आवाज भरून पाठवू या."

"काय बोलल्या?"

"मी पडदा ओढला आणि बाहेर उभी राहिले. नवराबायकोचं बोलणं ते."

"निरोप आहे अजून फोनवर?"

"छे. पेशंटचं काहीही आमच्या फोनवर ठेवायचं नाही, सक्त नियम आहे. त्याही म्हणाल्या, पुसून टाक गं, लोकांच्या नजरेला नको. लगेच पुसला." तिनं हात कोरडे केले. "उत्तर आलं का म्हणून विचारायच्या. मग पुन्हा भरायच्या, पुन्हा पाठवायच्या. तेही पुसले. शेवटी म्हणाल्या, फाटकावर अडकलं असेल. मला वाटलं, त्यांचे यजमान अजून नोकरीला जातात."

बाईंनी तिचा ई-मेलचा पत्ता विचारला. नर्स जरा लाजली. तो तिच्या मुलीच्या लाडक्या नावानं होता. छकुली, आणि पुढे आकड्यांची शेपटी.

निघताना नर्सला आणखी एक आठवलं. ते तिनं सांगितलं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि जिन्यावरच जसंच्या तसं वहीत उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सगळे त्याच खोलीत जमले. शेजारीणबाईंनी दाराजवळची खुर्ची घेतली, आरोप आलाच तर उठून जायला सोपं म्हणून.

"निरोप आला होता," बाई म्हणाल्या. "या कॉम्प्युटरवर पोचला, न ऐकता पुसला गेला, आणि टोपलीतूनही गेला. पुन्हा आला, पुन्हा पुसला गेला. सगळं दुपारी, आणि सगळं इथूनच, या खुर्चीतून. दादा बाहेरून आत येतात तेव्हा त्याची वेगळी खूण उरते. आई हॉस्पिटलात असतानाच्या दिवसांत ती खूण एकदाही नाही."

"मी रात्री तिच्या उशाशी असायचो," मुलगा हळूच म्हणाला. बहिणीनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"शेजारच्या बाई येतात सकाळी, आणि पासवर्ड त्यांना माहीत नाही."

"भिंतीचा रंग माहीत्येय फक्त," शेजारीणबाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. बाईंना पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. रस्ताभर त्यांनी दुसरा शोधून पाहिला होता. फाटकवाल्यांना चोर हवा होता, आणि चोर सापडला नाही तर ही दोन मुलं आयुष्यभर एकमेकांना चोर समजणार होती. त्यांनी एक चिठ्ठी म्हाताऱ्यापुढे धरली. तिच्यावर एक पत्ता होता.

"काका, हा ओळखता?"

फाटकवाल्यांनी डोळे बारीक केले. आणि महिनाभरात पहिल्यांदाच त्यांची छाती फुगली.

"हाच तो! छकुली म्हणे. हाच भामटा पुन्हा पुन्हा यायचा. आणि मथळा काय? 'मी आहे, उघडा.' मी आहे! असं म्हटलं की कुणीही दार उघडेल असं वाटतं या लोकांना. पण मी नाही उघडलं. उडवलं. परत आला, परत उडवलं. शेवटी पत्ताच बंद करून टाकला." ते मुलाकडे वळले. "तू शिकवलंस तस्संच."

मुलानं चेहरा ओंजळीत घातला होता.

"हा पत्ता वॉर्डातल्या नर्सचा आहे," बाई म्हणाल्या. "छकुली तिची मुलगी. काकूंकडे फोन नव्हता, म्हणून तिनं आपला दिला."

फाटकवाल्यांचा हात चिठ्ठीवरच होता. त्यांनी तो पत्ता पुन्हा वाचला, ओळखपत्र वाचावं तसा, आणि चिठ्ठी उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"म्हणजे मी," ते म्हणाले.

"बाबा, मी पाठ करून घेतलं होतं," मुलगा म्हणाला. "माझ्यामुळे झालं."

"नियम बरोबर आहे तुझा." ते आवाज न चढवता म्हणाले. "अनोळखी पत्ता होता. पास नव्हता. मी सोडलं असतं तर चूक झाली असती."

मुलगी उठली आणि सोफ्यावरच्या त्या मोकळ्या जागेत, भावाला चिकटून बसली. त्याच्या पाठीवर तिनं हात ठेवला. शेजारीणबाईंना बघण्यासारखं खूप होतं, पण त्या जमिनीकडे बघत होत्या.

"परत मिळायचा काही उपाय?" फाटकवाल्यांनी विचारलं.

"नाही. इथला गेला, कंपनीकडचा गेला. नर्सनंही लगेच पुसला, काकूंनीच सांगितलं होतं."

"चोख बाई," ते म्हणाले. सवयीनं.

"पडदा ओढता ओढता तिच्या कानावर पहिलं वाक्य पडलं. तेवढंच." बाईंनी ते कालपासून जपून ठेवलं होतं. "काकू म्हणाल्या, 'अहो, पास नाहीये माझ्याकडे. पण डबा आणलाय.'"



"हसली का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हसल्या, म्हणाली नर्स. बराच वेळ. हसतच होत्या म्हणून तिला पुढचं ऐकू आलं नाही."

फाटकवाल्यांनी मान डोलावली. कॉम्प्युटरसमोरच्या आपल्या खुर्चीत ते जाऊन बसले. स्टुलावरचा चष्मा त्यांनी उचलला, काचा शर्टाला पुसल्या, काड्या नीट मिटल्या.

"त्या दिवशीही मी आतून बघत होतो," ते म्हणाले. "झाडाखाली बसून जेवली ती. सगळं संपवलं. मग डबा पुसून हात हलवून गेली. इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो ही गोष्ट."

त्यांनी चष्मा परत स्टुलावर ठेवला.

"डब्यात काय होतं, ते मी तिला कधी विचारलंच नाही."